बी बुटीबोरी, डी धंतोली

तुम्ही शिकलात, पदवी घेतलीत. तिचा तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कधी काही उपयोग झाला का?

दचकू नका. हा प्रश्न मूळ माझा नाही. आमच्या गल्लीतले गजभिये काका दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतात. फक्त इतका लांबवत नाहीत. बेल वाजली की आतून आवाज येतो, "वाचता येते का?"

नाही म्हणालात तर सुटलात. हो म्हणालात की समोरच्या स्टुलावरचं जाडजूड गाईड तुमच्या मांडीवर येतं. बँकेच्या परीक्षेचं, रिझनिंगचं. ठरलेल्या पानात रबरबँड अडकवलेलं असतं. पान अक्षरमालिकांचं, म्हणजे गाईडच्या भाषेत लेटर सिरीजचं. चार-पाच इंग्रजी अक्षरं दिलेली, पुढचं कोणतं ते शोधायचं. एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग आपलं काम सांगायचं. गॅस सिलिंडरवाल्यानं एकदा सिलिंडर खांद्यावर ठेवूनच वाचायला सुरुवात केली, तर काका म्हणाले, "खाली ठेव गा, पान मोठं हाय." कामठीहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. त्यांनी दीड पान वाचलं आणि पत्रिका न देताच निघून गेले. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार दहा-बारा कार्यकर्ते घेऊन हात जोडत आला. त्याला दुसऱ्याच ओळीत घाम फुटला. काकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यासोबत कोनी बारावी पास हाय का?"

काकांना दिसत नाही. लहानपणी गोवर झाला, त्यात डोळे गेले. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. "आमच्या टायमाले आंधळ्याले दोनच रस्ते होते," ते सांगतात. "वेताच्या खुर्च्या विनत बसा, नाही तं टेलिफोन पकडा. मी टेलिफोन पकडला. खुर्चीवर बसाले भेटलं, विनायची पाळी नाही आली." काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

माझी त्यांची ओळख एका पत्रकामुळे झाली. आमच्या घरात पत्रकं पिठाच्या डब्यापासून गादीखालपर्यंत सगळीकडे असतात. बाबांनी आयुष्यभर ती छापली आणि वाटली. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत त्यांच्या खांद्यावर बसून मी अक्षरओळख केली. तर परीक्षांच्या वाढत्या फीविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. ते दारोदार देत काकांपर्यंत पोचले.

"वाचता येते का?"

"येतं काका. मीच लिहिलंय."

"मंग मले कागद काहून देऊन राहिली वं? मी काय त्यात चिवडा बांधू? बस. वाच."

मी बसले, आणि माझं पत्रक वाचायला लागले. दोन परिच्छेद त्यांनी ऐकले आणि हात वर केला. "बरं हाय. तळमळ हाय. आता ते खाली ठेव आन् पुस्तक घे."

मला राग आला. मी म्हणाले, "काका, ह्या असल्या परीक्षांनीच तर आपल्या पोरांची वर्षं खाल्ली. बी, डी, जी, के, पुढं काय? हे ओळखून कोणाचं भलं झालंय? शेतातली नाही, कारखान्यातली नाही, कुठल्याच कामाची ही अक्कल नाही."

"खरं बोलली," काका म्हणाले. "पन गेटवर हेच कुलूप लावून हाय. तू कुलुपाच्या विरोधात भाषन दे. तवरिक मी वैशालीले किल्ली देतो."

वैशाली म्हणजे त्यांची विद्यार्थिनी. उमरेडकडच्या एका खेड्यातली, जन्मापासून न दिसणारी, बी. ए. झालेली. शहरातल्या अंध मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि दुपारी बसनं काकांकडे यायची. बँकेच्या क्लार्कची पूर्वपरीक्षा जवळ आली होती. वयाच्या मर्यादेत बसणारी तिची ती शेवटची संधी होती. गावाकडे भावानं सांगून ठेवलं होतं, यंदा झालं तर झालं, नाही तर परत ये. परत येऊन काय करायचं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

मोबाईल आता बोलतो, हे मीही काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बोलते ना. पन पाच अक्षरं एका दमात घसरवते. आन् गाईडच्या फोटोले तं हातच लावत नाही. त्यातल्या बाईले म्हटलं, समजलं नाही वं, पुन्हा सांग, तं ते दुसरंच काही उघडते. मानूस थांबते. मानूस पाहिजे."

माणूस थांबतो, पण माणसाचे उच्चार? बी, डी, जी, पी, टी, व्ही. डोळे मिटून म्हणून पाहा, सगळ्या सख्ख्या बहिणी. त्यावर काकांनी ऑपरेटरचा इलाज काढला होता. फोनवर नाव सांगताना जसं अक्षरापुढे गाव जोडतात, तसं त्यांनी प्रत्येक अक्षराला नागपुरातलं एक ठिकाण दिलं होतं. ए अजनी, बी बुटीबोरी, डी धंतोली, जी गांधीबाग, एच हिंगणा, पी पारडी, एस सीताबर्डी. झेडलाही झिंगाबाई टाकळी सापडली. के या अक्षराला मात्र कोराडी नव्हती, कळमना होता. आयुष्य कोराडीत गेलं, मग असं का, मी विचारलं. "तिथं पेन्शन झाली ना," काका म्हणाले. "पुन्हा ड्युटीवर कायले पाठवतं मले?"

ईसाठी त्यांना जागा मिळाली नव्हती. इतवारी आय या अक्षरानं आधीच अडवली होती. "ईचं नागपुरात कोनी नाही," ते म्हणायचे. "ते एकटीच राहते. तिले नुसतं ई म्हन."

मी रोज जायला लागले. मी वाचायची आणि ते दोघं भांडायचे. काका अक्षरं बोटांच्या पेरांवर मोजत, वैशाली मनातल्या मनात. ती नेहमी आधी सांगायची आणि काकांना ते अजिबात खपायचं नाही.

"पद्धत सांग."

"काका, उत्तर बरोबर हाय ना?"

"मी उत्तर नाही विचारलं. पद्धत विचारली."

"बीच्या पुढं दोन घरं डी. डीच्या पुढं तीन घरं जी. जीच्या पुढं चार घरं के. आता पाच घराईची उडी, म्हनून पी. झालं? का उडी मारून दाखवू?"

"लय तोंड चालते वं तुझं."

"तुमच्यापाशीच शिकली."

चिवड्याच्या ताटलीवर दोघांचे हात एकदमच पडायचे. वैशाली शेंगदाणे वेचून खायची आणि काका ओरडायचे, "मले ऐकू येते बरं, कोन काय चावून राहिलं ते."

एवढं असून घर सुनं होतं. हे मला हळूहळू कळलं. बेल वाजेनाशी झाली होती. दूधवाला पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून जायचा. पत्रिका दाराखालून सरकायच्या. गल्लीनं काकांच्या पानाचा धसका घेतला होता.

एके दिवशी संध्याकाळी वैशाली वसतिगृहावर परत गेली होती आणि मी दुसऱ्या दिवसाचं पान वाचून बघत होते. काकांनी बोट वर केलं. मी थांबले. बाहेरून चपलांचा आवाज येत होता. खिडकीजवळ आला आणि बंद झाला. काही क्षण काहीच नाही. मग थोडं पुढे एक चप्पल पुन्हा वाजली. मी उठून खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर पार्लर चालवणारी शालूताई एका हातात भाजीची पिशवी घेऊन निघाली होती, आणि दुसऱ्या हातातली चप्पल खाली टाकून पायात सरकवत होती.

माझं डोकं फिरलं. मी हाक मारणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं.

"हाक नोको मारू. लाजन ते."

"पण काका, चपला हातात घेऊन?"

"माहीत हाय मले. पलीकडच्या घरचा बोरकर बी तसाच जाते. त्याचा गुडघा वाजते कटकट, चप्पल काढून काय फायदा?" ते हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतं हे त्यांना कळायला पाहिजे."

"कायले? त्याईले वाटते का मले समजत नाही. तसंच राहू दे. लोकाईले कामं असते वं." मग माझं मनगट सोडून म्हणाले, "वाच. कुठं होतो आपन?"

त्याच आठवड्यात वैशालीचा लेखनिक गळाला. न दिसणाऱ्या उमेदवाराला परीक्षेत एक माणूस सोबत नेता येतो. त्यानं संगणकावरचा प्रश्न वाचायचा आणि उमेदवार सांगेल ते उत्तर नोंदवायचं. कॉलेजचा एक मुलगा कबूल झाला होता. त्याची स्वतःचीच परीक्षा त्या दिवशी निघाली. वैशाली दुपारी आली ती दारातच उभी राहिली. "काका, कोनी नाही भेटलं तं मी एकटीच आत जाऊन बसतो. स्क्रीनले हात लावून पाहतो, काही वाचता येते का ते." असं म्हणून ती हसली.

"मी येते की," मी म्हणाले.

"तू बी. ए. हाय," वैशाली म्हणाली. "लेखनिक माह्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. नियम हाय."

नियम का आहे ते मला कळतं. उत्तरं भलत्यानंच लिहू नयेत. पण शिकलेल्यांनी दोन तास द्यायचे नाहीत आणि कमी शिकलेल्यांना कुणी विचारायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये ही पोरगी दारात उभी होती, त्याचा नियम कुठे लिहिलाय?

मी तावातावानं म्हणाले, "आजच पत्रक काढते. लेखनिक हवा म्हणून सगळ्या चौकांत लावते."

"पत्रक सवडीनं वाचते मानूस," काका म्हणाले. "आपल्याले सवड नाही." मग ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. "बारावी पास. आवाज साफ. अक्षरं अडखळत नाही. आपल्या गल्लीत एकच हाय."

मला कळलं. "मी बोलते शालूताईशी."

"नाही. पोरगी माझी हाय. मीच मांगतो."

आजवर काकांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. जो दारात येईल त्याला पान द्यायचं, हा त्यांचा तोरा होता. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन ते निघाले. वैशालीनं त्यांचा खांदा धरला आणि मी मागे.

पार्लरमध्ये एक बाई चेहऱ्याला लेप लावून खुर्चीत आडव्या पडल्या होत्या. काकांना दारात पाहून शालूताईनं हातातली वाटी खाली ठेवली. आपली चोरी पकडली गेली, असंच तिला वाटलं.

"काका, मी ते त्या दिवशी... माह्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हनून मी..."

"कोनती चप्पल वं?" काका म्हणाले. "मी तं कामासाठी आलो."

शालूताईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नट्यांकडे पाहायला लागले.

काकांनी काम सांगितलं. ती आणखीच घाबरली. "मले इंग्रजी नाही जमत काका. बारावीले काठावर निघाली मी."

"मले पूर्ण इंग्रजी नोको. अक्षरं पाहिजे. बाकीचं हिंदीतून बी येते स्क्रीनवर. बस, अक्षर सांगताना माह्या पद्धतीनं सांगायचं. हे पाह्य, एक नमुना देतो. बी बुटीबोरी, डी धंतोली, जी गांधीबाग, के कळमना. आता पुढं काय येईन?"

शालूताई विचारात पडली. तेवढ्यात खुर्चीतून, ओठ न हलवता आवाज आला, "पाअडी."

काका एकदम वळले. "कोन हाय वं ते? पारडीच म्हटलं ना? कसं काढलं?"

लेपातल्या बाई म्हणाल्या, "मी पाअडीचीच हाय. कळमन्यावऊन पुढं पाअडीच येते. दुसअं काय येईन?"

"उत्तर बरोबर, पद्धत चूक!" काका ओरडले. वैशाली दाराला धरून हसत सुटली. शालूताईही हसली, आणि हसता हसता हो म्हणून गेली.

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत ती पार्लर बंद केल्यावर काकांकडे येऊन वाचायची. तिचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं होतं. माझ्या प्रत्येक वाक्याला चौकातल्या सभेचा वास येतो, असं वैशालीचं मत होतं. शालूताई तांदूळ निवडावेत तशी एकेक अक्षर समोर ठेवायची.

परीक्षेच्या दिवशी काका, मी, वैशाली आणि शालूताई केंद्रावर गेलो. त्या दोघी आत गेल्या. बाहेर कडुनिंबाखाली मुलांचे आईबाप बसले होते. काका त्यांच्यात जाऊन बसले. कुणी तरी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" काका म्हणाले, "पोरगी."

आत जे झालं ते शालूताईनं बाहेर येऊन सांगितलं. पहिली सिरीज आली आणि तिनं सवयीनं सुरू केलं, एच हिंगणा, डी धंतोली. पर्यवेक्षक धावत आला. "मॅडम, ये क्या कोडवर्ड चल रहा है?"

शालूताई घाबरून म्हणाली, "कोडवर्ड नही सर, बस स्टॉप है."

त्यानं तो जास्तच बिथरला. घड्याळ चालू होतं. तेव्हा वैशाली म्हणाली, "सर, एक बार आप पढ के बताइये. लेकिन मुझे सिर्फ सुनके समझना है." तो हट्टानं वाचू लागला. बी, डी, पी. वैशालीनं विचारलं, "कौनसा सर? बी या डी?" बी. "डी?" नहीं, बी. "पी?" दोन ओळींत तो दमला. मग म्हणाला, "ठीक है, ठीक है. लेकिन ये बुटीबोरी नहीं चलेगा. बी फॉर बॉल बोलो."

मग शालूताई बी बॉल, डी डॉग करत राहिली, आणि वैशाली डोक्यात बॉलची बुटीबोरी आणि डॉगची धंतोली करून सोडवत राहिली. त्यात वेळ गेला. शेवटचे काही प्रश्न वाचायचेच राहिले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "सिरीज?"

"सगळ्या झाल्या," वैशाली म्हणाली. "पद्धतीनं."

निकाल लागला. वैशाली पूर्वपरीक्षा पास झाली. शालूताईनं पार्लरमध्ये पेढे वाटले. बोरकर गुडघा वाजवत आले, पेढा घेऊन गेले, पान मात्र वाचलं नाही. आता मुख्य परीक्षा आहे. गाईड जाड, पानं जास्त, आणि लग्नसराईत शालूताईला वेळ थोडा.

परवा वैशाली गेल्यावर काका आणि मी बसलो होतो. मला एकदम सुचलं म्हणून विचारलं, "काका, वैशालीच्या आधी कोणी होतं का?"

"होते ना. एक रायपूरले हाय रेल्वेत. एक पुन्याले. एक पोरगी तिकडं छिंदवाड्याले, तिले मुलगा झाला."

"फोन येतात?"

"नवं नवं येते. मंग ज्याचं त्याले काम लागते." ते रबरबँड बोटांवर ताणत होते. "वैशालीचं बी होईन. बँकेवाले दूरच टाकते पोस्टिंग."

"मग तुम्ही?"

मला वाटलं ते विषय बदलतील. पण ते नीट सांगायला लागले, जसं नव्या ऑपरेटरला काम शिकवावं. "हे पाह्य. इकडचा मानूस, तिकडचा मानूस, आपन मधात. लाईन लागली, दोघं बोलाले लागले, का आपन बाजूले व्हायचं. ऐकत नाही बसायचं. ज्याले ऐकायची सवय लागली तो ऑपरेटर कामाचा नाही राहत."

खोलीत पंख्याचा आवाज होता. त्यांनी गाईड माझ्या दिशेला सरकवलं, पण मी वाचायला लागले तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. ते बाहेरच्या गल्लीकडे कान लावून बसले होते. बाहेर कुणीच नव्हतं. मी एक सिरीज वाचली, पुन्हा वाचली.

वाचक मित्रहो, सरकारकडे मागायचं ते आम्ही मागतच राहू, आणि मिळेपर्यंत भांडू. पण हे तुमच्याकडे मागायचं आहे. तुमच्या शहरात न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. नसेल तर शेजारच्या शहरात आहे. येत्या रविवारी तिथे जा. देणगी देऊन लगेच परत फिरू नका, केक कापून फोटो काढू नका. तिथे विचारा, आज कुणाला काय वाचून हवंय? कमी शिकला असाल तर लेखनिक म्हणून नाव द्या, जास्त शिकला असाल तर सरावाला बसा. समोर येईल ते पान मोठ्यानं, संपेपर्यंत वाचा. आणि संपलं की लगेच उठू नका. थोडा वेळ बसा.